मांजरेचा समुद्र

लातुरासारख्या गांवीं राहणाऱ्या माणसानें समुद्राविषयीं लिहावें, हें प्रथमदर्शनीं कांहींसें विनोदाचें वाटण्याचा संभव आहे. आमच्या जिल्ह्याला किनारा नाहीं, बंदर नाहीं, कोळीवाडा नाहीं. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला म्हणजे तो विहीर, विंधणविहीर, नळाची पाळी आणि टँकर यांच्यापलीकडे सहसा जात नाहीं. ज्या घरांत मासा कधीं शिजत नाहीं, त्या घराचा तर समुद्राशीं संबंध ताटांतील मिठापुरताच. तेव्हां समुद्रांत कोणतीं रसायनें मिसळतात, तीं कोण मोजतो आणि मोजून काय साधतें, या चौकशा मुंबईकरांनीं अथवा रत्नागिरीकरांनीं कराव्या. आपण आपल्या डाळीच्या गिरण्या आणि सोयाबीनचे भाव पाहावे, असें म्हणणारे एक गृहस्थ आमच्या शेजारींच आहेत. त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. परंतु गेलीं दोन वर्षें हा विषय माझ्या मनांतून हलत नाहीं, आणि तो हलत नाहीं याचें कारण आमची नदी होय.

प्रत्येक गांवाला एक समुद्र असतो. तो जवळचाच असेल असें नाहीं. ज्याच्याकडे गांवचें पाणी वाहत जातें तो त्या गांवचा समुद्र. नकाशांत पाहिलें तर लातुराला अरबी समुद्र जवळ पडतो. पण आमचें पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस जातें. मांजरा बीड जिल्ह्यांतील पाटोदा तालुक्यांत, बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते. धनेगांवच्या धरणांत लातूरची तहान भागविण्यापुरती ती थांबते, पुढें कर्नाटकांत बीदरकडे व तेथून तेलंगणांत जाते, सिंगूर आणि निजामसागर हीं दोन मोठीं धरणें भरते, आणि मग उत्तरेकडे वळून, माहेरची आठवण झालेल्या सासुरवाशिणीप्रमाणें, पुन्हां नांदेड जिल्ह्याच्या शिवेला येऊन गोदावरीस मिळते. हा तिचा सारा प्रवास ७२४ किलोमीटरांचा आहे. पुढें गोदावरीच्या नांवानें तेंच पाणी, सर आर्थर कॉटननें १८५२ मध्यें जेथें आपला प्रसिद्ध बंधारा पुरा केला त्या धवळेश्वरम् या गांवावरून जातें, तेथें त्याला फांटे फुटतात, आणि कोरिंगाच्या खारफुटीच्या रानाजवळून तें बंगालच्या उपसागरांत शिरतें. तेव्हां आमचा समुद्र तो. आमच्या घरची मोरी ही त्या समुद्राच्या खाडीचें अगदीं वरचें टोंक आहे, असें म्हटल्यास भूगोलाच्या दृष्टीनें तें खोटें ठरणार नाहीं.

या मांजरेचें नांव एकदां जगभर गाजलें, आणि आम्हां लातूरकरांपैकीं फारच थोड्यांना त्याची वार्ता आहे. हैदराबादनजीक पाटणचेरू म्हणून एक ठिकाण आहे. तेथें व त्याच्या आसपास औषधें तयार करण्याचे पुष्कळ कारखाने आहेत. सुमारें ९० कारखान्यांचें सांडपाणी तेथील एका सामाईक शुद्धीकरण केंद्रांत येत असे, आणि शुद्ध झालें म्हणून जें पाणी बाहेर पडे तें ओढ्यावाटे नक्कावागू या नाल्यास व त्यावाटे मांजरेस मिळे. स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठाचे योआकिम लार्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं या पाण्याचे नमुने तपासून २००७ मध्यें आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या जंतुनाशक औषधाचें प्रमाण त्या पाण्यांत लिटरमागें ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळलें. कित्येक जंतूंना जेवढी मात्रा घातक होते, तिच्या हजारपटीहून तें अधिक होतें. एका दिवसांत या एकाच औषधाचे सुमारें ४४ किलोग्रॅम पाण्याबरोबर वाहून जात होते. साऱ्या स्वीडन देशाला तेवढें औषध पांच दिवस पुरतें. पुढें २०११ मध्यें त्याच भागांतील नदीच्या गाळाची जी तपासणी प्रसिद्ध झाली, तींत औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचे गुणधर्म फार मोठ्या प्रमाणांत दिसून आले.

लातूर या जागेच्या वरच्या अंगास आहे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पाटणचेरूचें पाणी आमच्या नळाला येत नाहीं व कधीं आलेंहि नाहीं. परंतु ही वार्ता वाचून, "आपण वरच्या अंगाला आहों," एवढ्यानें मला समाधान वाटेना. त्याचें कारण घरांतच घडलें होतें.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत माझ्या धाकट्या पुतण्याला ताप येऊं लागला. तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं विषमज्वराचा संशय घेतला, व औषध देण्यापूर्वीं रक्त घेऊन तें जंतूंच्या तपासणीसाठीं पाठविलें. अहवाल आला त्यांत औषधांची एक यादी होती आणि प्रत्येक नांवासमोर तें औषध या जंतूंवर चालतें कीं नाहीं हें लिहिलें होतें. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर 'चालत नाहीं' असा शेरा होता. माझ्या तरुणपणीं हेंच औषध विषमज्वरावर रामबाण म्हणून डॉक्टर लिहून देत, आणि चार-पांच दिवसांत रोगी उठून बसे. या खेपेस शिरेंतून दुसरें, महागडें औषध द्यावें लागलें. बारा दिवस मुलगा खाटेवर होता आणि त्याची आई रात्रभर त्याच्या उशाशीं बसून होती. ईश्वरकृपेनें तो उठला. परंतु त्या बारा दिवसांत एका रात्रीं ताप उतरेना, तेव्हां वहिनी एवढेंच म्हणाल्या, "हेंहि औषध चाललें नाहीं तर?" त्या प्रश्नाला आमच्यापैकीं कोणाजवळहि उत्तर नव्हतें.

मुलगा बरा झाल्यावर मीं डॉक्टरांना मांजरेची हकीकत सांगितली. ते जुने आणि मोजकें बोलणारे आहेत. ते म्हणाले, "तुमच्या पुतण्याचा जंतु पाटणचेरूहून आला असें मी म्हणणार नाहीं; तसें सिद्ध करतां येणार नाहीं. आम्ही डॉक्टरांनीं वाटेल त्या तापाला हीं औषधें दिलीं, तुम्हीं रोग्यांनीं तीं अर्ध्यावर सोडलीं, दुकानदारांनीं चिठ्ठीशिवाय विकलीं. पण ज्या पाण्यांत औषध सदा थोडें थोडें असतें, तें पाणी म्हणजे जंतूंची तालीमच. तेथें त्यांना औषध पचवावयाची संवय लागते, आणि ही विद्या ते एकमेकांना शिकवितात." या उत्तरांतील प्रामाणिकपणा मला फार आवडला. पापाचा धनी एकच शोधून त्याच्या माथीं सारें मारण्याचा मोह माणसाला होतो. परंतु पाण्याच्या बाबतींत धनी पुष्कळ असतात, आणि म्हणूनच मोजणी लागते.

ही मोजणी म्हणजे काय, हें समजून घेण्यास आमच्या लातूरकरांना एक मोठें सोयीचें माप आहे. १२ एप्रिल २०१६ रोजीं पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आमच्या स्टेशनांत आली, ती सर्वांना स्मरत असेलच. दहा डबे आणि प्रत्येकांत सुमारें पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पांच लाख लिटर पाणी तींत होतें. आतां अशा दोन गाड्या मनांत उभ्या करा, आणि त्यांतील साऱ्या पाण्यांत मिळून एक ग्रॅम पारा विरघळला आहे अशी कल्पना करा. हें प्रमाण म्हणजे एक अब्जांश. पिण्याच्या पाण्यांत पाऱ्याची जी मर्यादा आपल्या देशांत ठरलेली आहे, ती एवढीच आहे. ज्वरमापकाच्या जुन्या कांचेच्या नळींत अर्ध्यापासून एक ग्रॅमपर्यंत पारा असे. म्हणजे एक नळी फुटून मोरींत गेली तर त्यांतील पारा हिशेबानें एक-दोन आगगाड्या पाणी मर्यादेला नेऊन पोंचवूं शकतो. समुद्राचे शास्त्रज्ञ तर याहूनहि बारीक मापानें मोजतात. खुल्या समुद्रांतील पारा हा अब्जांशाच्याहि कित्येक पटींनीं खालीं असतो.

इतकी सूक्ष्म वस्तु मोजावयाची म्हणजे तिला सोंवळें लागतें. हा शब्द मी थट्टेनें वापरीत नाहीं. आमच्या मातुःश्री सोंवळ्यांत असतां कोणी त्यांच्या तांब्याला शिवूं शकत नसे. शिवलाच तर तांब्या पुन्हां घांसला जाई. समुद्रजलांतील धातु मोजणारे रसायनज्ञ याच रीतीनें वागतात. नमुन्याच्या बाटल्या अगोदर आम्लांत बुडवून ठेवून, शुद्ध पाण्यानें वारंवार धुऊन, दुहेरी पिशव्यांत बांधून नेतात. हातांत मोजे असतात. बोटीचें स्वतःचें लोखंड, रंग आणि तेल पाण्यांत उतरतें, म्हणून बोटीपासून दूर, येणाऱ्या प्रवाहाच्या बाजूनें पाणी घेतात. रिकाम्या बाटलींत शुद्ध पाणी भरून तेंहि तपासतात; त्यांत जर धातु निघाला, तर दोष समुद्राचा नसून आपल्या हातांचा असें समजून सारा आंकडा बाद करितात. आपल्याच स्पर्शाचा इतका संशय धरणारें हें सोंवळें पाहून मातुःश्रींना मोठें नवल वाटलें. "म्हणजे त्यांनाहि आंत काय मिसळलें तें डोळ्यांना दिसत नाहींच," त्या म्हणाल्या. तें अगदीं बरोबर होतें.

समुद्राची ही चौकशी तीन साक्षीदारांकडून होते. पहिला साक्षीदार पाणी. तो खरें बोलतो, पण घाईंत असतो. भरतीबरोबर आलेला ओहोटीबरोबर जातो, आणि काल काय झालें हें त्याला सांगतां येत नाहीं. दुसरा साक्षीदार गाळ. पाण्यांतील धातु आणि तेलकट विषें बारीक मातीच्या कणांना चिकटून तळाशीं बसतात, आणि वर्षावर वर्ष थर चढत जातो. नळी खुपसून हा गाळ उभा कापून काढला, म्हणजे वाण्याच्या जुन्या खतावण्या एकावर एक रचून ठेवाव्या तसे थर दिसतात. त्यांचें वयहि काढतां येतें. मुंबईजवळ ठाण्याच्या खाडींत पारा सांचला आहे हें गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं १९८१ मध्यें प्रसिद्ध केलें. पाऱ्याच्या साह्यानें कॉस्टिक सोडा करण्याची जी जुनी पद्धति होती, तिच्या सांडपाण्यावाटे पारा पाण्यांत जात असे. ती पद्धति पुढें टप्प्याटप्प्यानें टाकून देण्यांत आली; परंतु खातें बंद केल्यानें जुनी बाकी फिटते असें नाहीं. गाळ उपसला, खाडी खोदली, तर गाडलेलें विष पुन्हां वर येऊं शकतें.

तिसरा साक्षीदार म्हणजे प्राणी. तिसऱ्या, कालवें, शिनाणे हीं शिंपल्यांतील जनावरें एका जागीं खडकाला किंवा वाळूला धरून राहतात आणि दिवसाकाठीं कित्येक लिटर पाणी अंगांतून गाळून काढतात. पाण्यांत जें विरळ असतें तें त्यांच्या मांसांत दाट होतें. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनीं १९७५ मध्यें अशी सूचना केली, कीं जगाच्या साऱ्या किनाऱ्यांवरील हे शिंपले नेमानें तपासावे, म्हणजे समुद्राच्या प्रकृतीचा अंदाज येत राहील. ही पद्धति आज पुष्कळ देशांत रूढ आहे. माणूस मेल्यावर पंचनामा करण्यापेक्षां तो चालता-बोलता असतां त्याची नाडी पाहणें शहाणपणाचें, हाच त्यांतील विचार.

या तिसऱ्या साक्षीदाराची एक गोष्ट आपल्याच किनाऱ्यावरची आहे. जहाजांच्या बुडाला शंख-शिंपले चिकटूं नयेत म्हणून पूर्वीं एक विषारी रंग लावीत. त्यांत कथिलापासून केलेलें एक रसायन असे. तें पाण्यांत झिरपून, लिटरमागें एका ग्रॅमचा अब्जावा भाग इतकें जरी झालें, तरी समुद्री गोगलगाईंच्या कांहीं जातींत विलक्षण विकृति होते. माद्यांच्या अंगीं नराचीं इंद्रियें वाढूं लागतात आणि विकार बळावला तर त्या वंध्य होतात. आमच्या मापानें सांगावयाचें तर दोन हजार पाणीगाड्यांत एक ग्रॅम! गोव्यांतील मार्मागोवा बंदराजवळ ही विकृति आढळल्याची नोंद तेथील शास्त्रज्ञांनीं १९९९ मध्यें केली. ज्या गोगलगाईंत ती आढळली तिच्या शास्त्रीय नांवांतच कोंकण आहे: क्रोनिया कोंकणेन्सिस. कोणत्याहि यंत्रानें पाणी तपासण्यापूर्वीं या बोटभर प्राण्यानें आपल्या वंशावर संकट ओढवून घेऊन ती साक्ष दिली. अशा साक्षी देशोदेशीं जमल्या, तेव्हां २००१ मध्यें आंतरराष्ट्रीय करार होऊन तो २००८ मध्यें अमलांत आला, व जहाजांवर हा रंग लावण्यास बंदी झाली. मोजल्यानें काय साधतें असें विचारणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना मीं हें उदाहरण दिलें आहे.

मात्र मोजणें आणि ऐकणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जपानांतील मिनामाता या गांवीं प्रथम मांजरें वेडींवांकडीं नाचून मरूं लागलीं. मग माणसांना, विशेषतः कोळ्यांच्या मुलांना, तोच विकार जडला. १ मे १९५६ रोजीं हा रोग सरकारदरबारीं नोंदला गेला. तेथील रासायनिक कारखान्याच्याच रुग्णालयाचे डॉक्टर होसोकावा यांनीं १९५९ मध्यें कारखान्याचें सांडपाणी एका मांजराच्या अन्नांत घालून पाहिलें, आणि त्या मांजराला तोच रोग झाला. तो पुरावा कारखान्यानें उघड होऊं दिला नाहीं. सांडपाण्यांतील पाऱ्याचें संयुग हें रोगाचें कारण आहे, हें सरकारनें मान्य केलें १९६८ मध्यें! मधलीं नऊ वर्षें मासे तेच, बाजार तोच आणि जेवणारींहि तींच. दोन हजारांहून अधिक लोक या रोगाचे रोगी म्हणून पुढें अधिकृतपणें मान्य झाले. आंकडा हातीं असूनहि तो पेटींत बंद राहिला, याची ही किंमत. या गांवाच्याच नांवानें पाऱ्याविषयींचा जागतिक करार २०१३ मध्यें झाला, आणि आपल्या देशानेंहि २०१८ मध्यें त्यास मान्यता दिली.

दुसरा एक मुद्दा असा, कीं आंकडा अगोदरपासून ठेवलेला असावा लागतो. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं 'एम्एस्सी चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली. सुमारें ८०० टन तेल समुद्रांत सांडलें, शेंकडों मालपेट्या पाण्यांत पडल्या, व त्यांपैकीं कांहींत कीटकनाशकें होतीं. गेल्या वर्षांतील गोष्ट घ्यावयाची तर २५ मे २०२५ रोजीं 'एम्एस्सी एल्सा ३' हें जहाज केरळच्या किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर बुडालें; त्यावरील ६४० पेट्यांपैकीं १३ धोक्याच्या होत्या आणि त्यांतल्या १२ पेट्यांत कॅल्शियम कार्बाइड होतें. आंबे पिकविण्यासाठीं चोरून वापरतात तेंच हें कार्बाइड. पाणी लागतांच त्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो. अशा अपघातानंतर लोक विचारतात, समुद्राचें किती नुकसान झालें? त्याचें उत्तर, अपघातापूर्वीं तो कसा होता हें ज्यानें लिहून ठेवलें असेल तोच देऊं शकतो. ज्या रोग्याची निरोगी असतांनाची नाडी कोणीं पाहिलीच नाहीं, त्याला किती ताप चढला हें कसें सांगावें? आपल्या केंद्र सरकारनें १९९१ पासून किनाऱ्यालगतच्या पाण्याची ठरल्या जागीं ठरल्या ऋतूंत मोजणी सुरू केली, ती याचकरितां. हें काम अत्यंत कंटाळवाणें, वर्तमानपत्रांत न येणारें, आणि म्हणूनच पैशाची टंचाई आली कीं प्रथम कात्री लागण्याजोगें असतें.

आमच्या मातुःश्रींचा एक आक्षेप मला फार दिवस छळीत राहिला. त्या म्हणत, "नदी सारें पोटांत घेते आणि समुद्र तिला पोटांत घेतो. इतक्या पाण्यापुढें तुझ्या ग्रॅमांचें काय?" ही केवळ श्रद्धा नव्हे; कारखानदार आणि नगरपालिका यांचाहि दीर्घकाळ हाच सिद्धांत होता, फरक एवढाच कीं मातुःश्री त्याबरोबर हात जोडीत. पुराणांत समुद्र घुसळला तेव्हां हालाहल बाहेर आलें आणि तें शंकरांनीं कंठांत धारण केलें. आपण तें उलट रीतीनें समुद्रांत परत घालीत आहों, आणि धारण करणारा कोणी उरला नाहीं. मीं त्यांना एवढेंच सांगितलें, कीं कचरा कुजतो, मळ सडतो, त्याची माती होते, तें पोटांत घेणें नदीला खरोखरच साधतें. पारा कुजत नाहीं. तो सूक्ष्म वनस्पतींतून कोळंबींत, कोळंबींतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत, असा वाढत जातो. पाण्यांतील प्रमाणापेक्षां मोठ्या माशांतील प्रमाण लाखों पटींनीं अधिक असूं शकतें. जें पोटांत घेतलें तें पोटांतच राहिलें, आणि ज्याचें पोट सर्वांत वर, त्याच्या वांट्याला सर्वांत अधिक आलें. आम्ही मासे खात नाहीं हें खरें; पण आपल्या मोरींतून जें गेलें तें कोरिंगाच्या कोळ्याच्या मुलाच्या ताटांत वाढलें जावें, हा शाकाहार कोणत्या धर्मांत बसतो?

पुन्हां औषधांकडे येतों, कारण आमच्या घरापुरता प्रश्न तेथें अडला आहे. औषधांच्या कारखान्यांच्या सांडपाण्यांत जंतुनाशकें किती असावीं याच्या मर्यादा घालणारा एक मसुदा केंद्र सरकारनें जानेवारी २०२० मध्यें प्रसिद्ध केला होता. ऑगस्ट २०२१ मध्यें जे अंतिम नियम निघाले त्यांत त्या मर्यादा नव्हत्या. सप्टेंबर २०२४ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें याच विषयावर आपलीं पहिलीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. म्हणजे मोजतां येतें, कसें मोजावें हें ठाऊक आहे, किती असावें याचाहि अंदाज आहे. पाण्यांत किती सांपडलें त्यास, किती सोसतें त्यानें भागावें; उत्तर एकाहून अधिक आलें तर धोका आहे असें समजावें. इतका सोपा त्रैराशिकासारखा हिशेब आहे. परंतु नियमांतच जर आंकडा नसेल, तर भागावयाचें कशाला? ज्या वस्तूचें नांव यादींत नाहीं तिचा नमुना घेण्याचें कर्तव्य कोणावरहि येत नाहीं, आणि मग ती नाहींच असें धरून सारे व्यवहार चालतात.

घरापुरतें जें करतां येण्याजोगें होतें तें आम्हीं केलें, आणि तें मुळींच मोठें नाहीं. उरलेल्या गोळ्या व सिरपें मोरींत ओतावयाचीं नाहींत, असें ठरलें. डॉक्टरांनीं सांगितलेली जंतुनाशक औषधाची मुदत पुरी करावयाची, आणि एकाची उरलेली गोळी दुसऱ्याच्या तापाला द्यावयाची नाहीं, हा नियम तर वहिनींनींच घातला व त्या तो कडकपणें पाळतात. पाऱ्याचा जुना ज्वरमापक आतां घरांत नाहीं. गणपति शाडूचा, नैसर्गिक रंगाचा येतो. त्याचें विसर्जन अंगणांतील घंगाळांत होतें आणि ती माती तुळशीला जाते. या शेवटच्या गोष्टीला मातुःश्रींची संमति मिळण्यास दोन वर्षें लागलीं, आणि ती मिळाली तेव्हां त्यांनीं स्वतः घंगाळ घांसून दिलें.

परंतु घरच्या नियमांनीं नदीच्या यादींत एकहि नांव वाढत नाहीं, हें मला नीट कळतें. म्हणून गेल्या महिन्यांत आम्हीं एक अर्ज लिहिला. त्यांत तक्रार नाहीं, कोणावर आरोप नाहीं. तीनच प्रश्न आहेत. मांजरेचें पाणी आमच्या जिल्ह्याच्या हद्दींत कोणकोणत्या ठिकाणीं तपासलें जातें? ज्या वस्तु तपासल्या जातात त्यांच्या यादींत जंतुनाशक औषधें व शेतांतील कीटकनाशकें आहेत काय? नसल्यास तीं घालण्यास कोणाची परवानगी लागते? खालीं घरांतील सर्व वडील माणसांच्या सह्या आहेत. पुतण्या सोळा वर्षांचा आहे; "काका, आजारी मी पडलों होतों, मग माझी सही नको काय?" असें त्यानें विचारलें, तेव्हां त्याचीहि घेतली. मातुःश्रींनीं चष्मा लावून तिन्ही प्रश्न वाचले आणि मोडी वळणाच्या आपल्या अक्षरांत सर्वांत वर सही केली.

उत्तर अद्याप आलेलें नाहीं. ज्या वाचकांचीं गांवें नदीकांठीं आहेत, मग ती सीना असो, भीमा असो, पूर्णा असो कीं वैनगंगा, त्यांनीं आपलें पाणी कोणत्या समुद्राला जातें हें नकाशांत एकदां पाहावें आणि हेच तीन प्रश्न आपापल्या जिल्ह्यांत विचारावे, अशी विनंती आहे. एका घराचा अर्ज दप्तरांत राहूं शकतो. पन्नास घरांचे राहणें कठीण असतें.